कधी आलात, किती दिवस?

थंडी पडली की कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीवर कुरव येतात. लोक त्यांना सीगलच म्हणतात. सकाळी गणेश घाटावर शेव-गाठीच्या पिशव्या घेऊन माणसं उभी असतात. मूठभर शेव हवेत गेली की पांढऱ्या पंखांची झुंबड उडते आणि सगळे मोबाईल वर होतात. माझी शाळा भिवंडीच्या बाजूला, त्यामुळे रोज रिक्षा दुर्गाडीच्या पुलावरून जाते. लग्न होऊन दूधनाक्याला आले तेव्हापासून मी हे पाहते आहे. पाहते म्हणजे काय, मांडीवर वह्यांचा गठ्ठा आणि बाहेर एक नजर. थांबले कधीच नाही.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते, उर्दूचेही काही तास असतात. स्थलांतराचा विषय निघाला की एक गंमत होते. मराठीत आपण या पक्ष्यांना 'पाहुणे' म्हणतो. उर्दूत ते 'मुहाजिर परिंदे'. म्हणजे हिजरत करणारे, घर सोडून निघालेले. पक्षी तोच. एका भाषेत तो आपल्या दारात आलेला आहे, दुसऱ्या भाषेत तो कुणाचं तरी दार सोडून आलेला आहे. मुलांना हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर पक्षी नसायचेच. मुलांचे अब्बा असायचे.

ते २००६ मध्ये दुबईला गेले. एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. वर्षाला चाळीस दिवसांची सुट्टी. सतरा सुट्ट्यांचे चाळीस-चाळीस दिवस मी एकदा वहीच्या मागच्या पानावर गुणले, तर ६८० आले. दोन वर्षंही पूर्ण भरत नाहीत. तो कागद मी कुणाला दाखवला नाही. आमच्या मोहल्ल्यात हे काही जगावेगळं नाही. कल्याण, भिवंडी, मुंब्रा, तिकडे खाली रत्नागिरीपर्यंत, कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत एक माणूस भिंतीवरच्या फोटोत आणि रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर असतो. तो आला की गल्लीत दोनच प्रश्न विचारतात: कधी आलात, किती दिवस? पहिला प्रश्न आनंदाचा असतो. दुसरा लोक सहज विचारतात, पण उत्तर देताना यांची नजर चपलांकडे जाते.

२०२४ च्या जानेवारीत यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रूमवर करणारं कुणी नव्हतं. मुलांना सासूबाई आणि नणंदेच्या हवाली केलं, बिनपगारी रजा टाकली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी निघाले. आधी दोनदा गेले होते, पंधरा-पंधरा दिवस, उंच इमारती आणि मॉल बघायला. या वेळी जवळपास चार महिने राहिले.

देरा भागात एका फ्लॅटमधली एक खोली. पहिल्या पहाटे फज्रनंतर खिडकीशी ओळखीचा आवाज आला. काव काव. मी चमकले. राखाडी मानेचा आपलाच कावळा. नंतर कळलं की हा मूळचा हिंदुस्थानातलाच, जहाजांवर बसून आखातात आणि पार पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचलेला. तिथे त्याची संख्या इतकी झाली की तो उपद्रवी गणला जातो. समोरच्या छज्ज्यावर साळुंक्याही होत्या, त्याही आपल्याकडच्याच. म्हटलं, आमच्या आधी ही मंडळी येऊन राहिली, ना व्हिसा, ना कफील, ना परतीचं तिकीट.

आणि मग सुरू झाली कामं. लोकांना वाटतं परदेश म्हणजे काहीतरी मोठं. परदेश म्हणजे कामांची यादी. विम्याची मंजुरी आली का विचारायला दवाखान्यात. गोळ्या आणायला फार्मसीत. रिपोर्टची झेरॉक्स काढून टायपिंग सेंटरमध्ये. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून खुबूस, दही, कांदे. मालक मलबारी, हिंदी माझ्यापेक्षा झोकात बोलायचा. पाण्याचे मोठे कॅन. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक्सचेंजमध्ये जाऊन घरी पैसे पाठवायचे. ही रांग मी पहिल्यांदा पाहिली. पुढे एक बांगलादेशी मुलगा, मागे एक फिलिपिनो बाई, सगळ्यांच्या हातात आयडी आणि मोजलेल्या नोटा. आणि सगळ्यांच्या खिशातले फोन वाजत होते. घरून विचारत असावेत, निघाले का पैसे? मीही इतकी वर्षं तेच विचारत होते.

यांच्या उशाशी एक वही होती. त्यात माझेच शब्द, तारखांसकट. 'टँग २, टायगर बाम ६, अम्मीसाठी बदाम, धाकटीला जॅकेट निळं (गुलाबी नको).' मी व्हॉइस मेसेज टाकून मोकळी व्हायचे. हे वर्षभर सेल बघत फिरायचे, एकेक वस्तू घेऊन पलंगाखाली ठेवायचे, मग खोका बांधून वजनकाट्यावर ठेवायचे. तीस किलोच्या वर गेलं तर स्वतःचे कपडे बाहेर. पलंगाखाली वाकून पाहिलं तेव्हा पुढच्या सुट्टीचे साबण आधीच येऊन बसले होते.

डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं, तसं आम्ही संध्याकाळी खाडीकाठी जाऊ लागलो. दुबईतही खाडीच आहे, एका अंगाला देरा, दुसऱ्या अंगाला बर दुबई, मधून लाकडी अब्रा चालतात. एक दिऱ्हम दिला की पलीकडे. आणि त्या अब्रांच्या मागे घिरट्या घालणारे तेच कुरव! लोक पावाचे तुकडे टाकत होते. मी अगदी मोठ्याने म्हणाले, "अहो, हे तर आपल्या दुर्गाडीचे." हे हसले. म्हणाले, "आपले कसले, हे आपल्यासारखे."

काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात त्याचं हिवाळ्यात डोकं काळं नसतंच. सगळं पांढरं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. वसंत आला, उत्तरेकडे परतायची वेळ झाली की मग डोक्यावर गडद चॉकलेटी टोपी चढते. रमजान ११ मार्चला लागला. इफ्तारआधीचा अर्धा तास आम्ही काठावर बसायचो, आणि रोज आणखी एखाद्याचं डोकं रंगलेलं दिसायचं. ईदपर्यंत खाडी जवळजवळ रिकामी झाली.

आता यांच्या केसांचं सांगायला हवं. हे घरी येतात तेव्हा केस-दाढी काळी कुळकुळीत. मला वाटायचं, आमच्या यांना वय लागत नाही. दुबईच्या मोरीत फळीवर काळ्या मेंदीची पुडी सापडली आणि समोर हे, डोकं पांढरंफटक. निघायच्या दोन दिवस आधी लावतात म्हणे, दरवर्षी. काळ्या खिजाबाबद्दल मौलवीसाहेब काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, यांनाही ठाऊक आहे. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "अम्मीला वाटेल पोरगा तिकडे म्हातारा होतोय." मी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

मार्च संपायच्या आत कंपनीत मेडिकलचे कागद द्यायचे होते. गोदाम रास अल खोरच्या औद्योगिक भागात. बस एका वळणावर आली आणि उजवीकडे उथळ पाण्यात गुलाबी पांढऱ्या ठिपक्यांची रांग, त्यामागे तिवरं, आणि त्याच्याही मागे धुरकट बुर्ज खलिफा. रोहित! फ्लेमिंगो! मी यांना हलवलं. म्हणाले, "हो, असतात ते. कंपनीची बस इथूनच जाते." बारा वर्षं? "बारा वर्षं. मी झोपलेला असतो ना." त्यांना हसण्यात अर्थ नव्हता, दुर्गाडीच्या पुलावर मी तरी काय करते?

कागद देऊन परतताना हट्टाने उतरलो. तिथे बघायला आडोसे बांधले आहेत, आत दुर्बिणी आहेत, पैसे घेत नाहीत. दुबईची पालिका या पक्ष्यांना खाद्यही पुरवते. २००७ पासून ही रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, सुमारे सहाशे हेक्टर, चारी बाजूंनी रस्ते. आमची ठाणे खाडी त्या यादीत २०२२ मध्ये गेली, आणि ती दहापट मोठी, साडेसहा हजार हेक्टरच्या आसपास. अभयारण्य २०१५ पासून. मी सहावीच्या मुलांना एकदा ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने नेलं होतं. दुबईत दिसतात ते मोठे रोहित, फिकट. ठाण्यात जास्त करून लहान रोहित, अंगाने छोटे आणि रंगाने गडद. चोच उलटी बुडवून पाण्यातलं शेवाळ गाळून खातात, त्यातल्याच द्रव्यांनी पिसं गुलाबी होतात. शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ माजतं, म्हणून हे पाहुणे वाढले, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपली घाण त्यांची रोजी. मुलांना हे फार आवडलं होतं.

ठाण्याचे रोहित गुजरातेतून, कच्छच्या रणाकडून येतात. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथल्या सहा रोहितांना उपग्रहाने माग काढणारी यंत्रं बसवली आणि त्यांना नावं दिली. त्यात एक सलीम होता, एक हुमायूं. सलीम अली आणि हुमायूं अब्दुलअली या दोन मुंबईकर पक्षीतज्ज्ञांवरून. हुमायूं उडून भावनगरला पोचला. वर्गात ही नावं सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा आमचा सलीम दिवसभर पंख पसरून फिरत होता.

सलीम अलींबद्दल मुलांना मी एरवी चिमणीची गोष्ट सांगते, पण दुबईत मला त्यांच्या आयुष्यातलं दुसरंच आठवत राहिलं. तरुणपणी ते ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्याला गेले होते. रोजगारासाठीच. धंदा काही जमला नाही, रानात पक्षी मात्र खूप पाहिले. पुढे जर्मनीत शिकून १९३० मध्ये मुंबईला परतले तर म्युझियममधली नोकरीच उरली नव्हती. मग अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा तो गाजलेला अभ्यास झाला. परत आलेल्या माणसाला जागा नसते, ही गोष्ट आमच्या यांना सांगितली. ते म्हणाले, "म्हणून तर मी परत येत नाही." विनोद केला होता. मी हसले नाही.

१६ एप्रिलला दुबईत न भूतो असा पाऊस पडला. रस्त्यांच्या नद्या, मेट्रो बंद. गोळ्या संपल्या होत्या, मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन फार्मसीत गेले. कल्याणच्या बाईला पाण्याची काय भीती, २६ जुलै पाहिलेली माणसं आम्ही. बकालेवाला मलबारी दारात उभा राहून सलाम ठोकत होता.

मग २१ मेची सकाळ. फोनवर कल्याणहून एकामागून एक मेसेज. आदल्या रात्री घाटकोपरवर दुबईहून मुंबईत उतरणारं विमान रोहितांच्या थव्यात शिरलं होतं. विमान नीट उतरलं, माणसं सगळी सुखरूप. पक्षी मात्र चाळीसच्या आसपास मेले, वस्तीत, गल्ल्यांत विखरून पडले. फोटोत एक माणूस हातमोजे घालून पंख गोळा करत होता. माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं, तोच मार्ग. यांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "घरी जायच्या दिवसांत गेले गं." मे संपत आला की रोहित परतायला लागतात, ते यांना मीच सांगितलं होतं.

त्या रात्री मी स्पष्ट म्हणाले, पुरे झालं, या परत. म्हणाले, "धाकटीची बारावी होऊ दे." २०१२ मध्ये घराचे हप्ते होते. २०१७ मध्ये अब्बाजींची बायपास. कारण प्रत्येक वेळी खरं असतं, हीच अडचण आहे. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी एक्सचेंजला जायचं होतं, रांग मोठी असते म्हणून लवकर निघालो.

डिसेंबरमध्ये हे आले. विमानतळावर सासूबाईंनी आधी ओळखलंच नाही. केस-दाढी पांढरी, मेंदीची पुडी मी येताना फळीवरून उचलून आणली होती. अम्मी दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच तेलाची वाटी घेऊन त्यांच्या डोक्याशी बसल्या.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं चालत गणेश घाटावर गेलो. गुडघा आता बरा आहे. कुरव आले होते, डोकी पांढरी. एक पोरगा शेवेची पिशवी विकायला आला, यांनी त्याला, तळलेलं त्यांना घालू नको रे, म्हणून समजावलं आणि तरी दहा रुपये दिले. पिशवी माझ्या पर्समध्ये गेली, घरी येऊन आम्हीच खाल्ली. तेवढ्यात दूधनाक्याचे एक शेजारी फिरायला आलेले भेटले. "अरे, कब आए भाई? कितने दिन?"

यांनी या वेळी चपलांकडे पाहिलं नाही, खाडीकडे पाहिलं. तिकीट अठ्ठावीस जानेवारीचं आहे. कुरवांची डोकी रंगायला तोवर सुरुवात झालेली नसेल.