रिंगखालची जागा कोणाची?

यंदाही आमच्या पोरांचा बास्केटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत गारद झाला. कॉलेजचं नाव इथे घेत नाही, कारण हे गाऱ्हाणं एका कॉलेजपुरतं नाही. संघात बारा जण. त्यातले चौघे वरळीच्या बीडीडी चाळीतले. आणि 'आम्ही' म्हणजे त्यांच्या आधी याच चाळीतून कॉलेजात गेलेले, आता नोकरीधंद्याला लागलेले आणि रविवारी सकाळी या पोरांबरोबर घाम गाळणारे पाच-सहा जण. संघ हरल्यावर जिमखान्यातून जे उत्तर मिळालं, त्यावर हा लेख आहे. उत्तर असं होतं: "तुमच्याकडे हाइट नाही. इनसाइड गेम तुम्हाला जमायचा नाही. बाहेरूनच शूट करत जा."

हे सांगणारा माणूस वाईट नाही. त्याच्या मनात जात असेलच असंही आम्ही म्हणत नाही. पण "आत तुमचं काम नाही, बाहेरून काय ते करा" हे वाक्य आपल्या समाजाच्या कानाला नवीन नाही. म्हणून ते तसंच गिळून टाकायचं नाही, तपासून बघायचं, असं आम्ही ठरवलं.

ज्या मित्रांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट उंच. तिच्याखाली रंगवलेला एक आयत असतो, 4.9 मीटर रुंद आणि 5.8 मीटर लांब. हल्ला करणाऱ्या खेळाडूला त्या आयतात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. सोपे गुण इथेच मिळतात, फाउलही इथेच मिळतात, आणि हुकलेला चेंडू म्हणजे रिबाउंड बहुतेक वेळा इथेच पडतो. जो संघ इथे उभा राहू शकत नाही त्याला सामनाभर लांबून नेम धरावा लागतो. पहिल्या दहा मिनिटांत नेम बसतो. चौथ्या क्वार्टरला पाय जड होतात, शॉट आखूड पडायला लागतात आणि मागे चेंडू उचलायला कोणी नसतं. आमचे बहुतेक सामने असेच गेले.

आम्ही बाकावर बसून वहीत रेघा मारल्या. चेंडू हुकला की कोण काय करतं, एवढंच बघायचं होतं. दिसलं ते असं: शॉट सुटला की आपली पोरं मान वर करून चेंडूकडे बघतात. समोरचा संघ आधी माणूस शोधतो, त्याला पाठीवर घेतो, कंबर खाली करतो आणि मग वर बघतो. याला बॉक्स आउट म्हणतात. याला उंची लागत नाही. याला लागतो सराव, आणि दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून उभं राहण्याची तयारी. दुसरी गोष्ट, आपला गार्ड वेगाने आत घुसतो, पण धक्का बसायच्या आधीच अंग चोरून चेंडू भिरकावतो. ना बास्केट होत, ना फाउल मिळत. तिसरी गोष्ट, रिंगकडे पाठ करून जागा धरणाऱ्या गड्याला पास कुठून द्यायचा हे कोणाला शिकवलेलंच नाही. पास समोरून, थेट डोक्यावरून जातो आणि मध्येच तोडला जातो. तोच बाजूने, कोन करून, एक टप्पा देऊन टाकला तर हातात पडतो.

या तिन्हींत उंचीचा प्रश्न किती? थोडा आहे, नाही असं नाही. सहा फूट चार इंचाच्या पोरासमोर आपला पाच फूट दहा इंचाचा उभा राहिला की फरक पडतोच. पण चार्ल्स बार्कली नावाचा खेळाडू अमेरिकेच्या एनबीए लीगच्या मानाने बुटकाच होता, कागदोपत्री सहा फूट सहा इंच आणि त्याच्याच सांगण्यानुसार त्याहूनही कमी. तरी 1986-87 च्या हंगामात सामन्यामागे रिबाउंड घेण्यात तो लीगमध्ये पहिला आला. वेस अनसेल्ड सेंटरच्या जागेवर सहा फूट सात इंच घेऊन खेळला, आणि 1968-69 साली पहिल्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोघांचंही भांडवल एकच होतं. चेंडू यायच्या आधी जागा धरायची आणि ती सोडायची नाही.

आता उंचीचंच बोलायचं तर पूर्ण बोलू. "हाइट नाही" हे जणू जन्माने ठरलेलं नशीब असल्यासारखं सांगितलं जातं. आईबापांकडून काही येतं हे खरं. पण देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नोंदलं गेलं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांत हे प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आहे. मग जनुकं जातीनुसार वाटली गेली आहेत काय? गरोदर बाईला काय खायला मिळालं, पाणी कसलं होतं, संडास किती कुटुंबांत मिळून एक होता, दवाखान्यात तिला कसं वागवलं, या सगळ्याची बेरीज म्हणजे मुलाची उंची. म्हणजे आधी व्यवस्थेने इंच कापायचे आणि मग जिमखान्याने म्हणायचं, तुम्ही कमी पडता. 'मेरिट'वाल्यांचा युक्तिवाद याहून वेगळा कुठे आहे?

आणि नियम तरी आभाळातून पडलेले असतात का? जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ तयार केला. तेव्हापासून नियम किती वेळा बदलले बघा. जॉर्ज मायकन हा उंच गोरा सेंटर फारच जड व्हायला लागला, तेव्हा 1951 साली एनबीएने रिंगखालच्या पट्ट्याची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट केली. पुढे ल्यू अल्सिंडर नावाचा काळा विद्यार्थी कॉलेज बास्केटबॉल गाजवायला लागला, तेव्हा 1967 साली कॉलेजच्या खेळात डंक मारण्यावरच बंदी आली. हाच अल्सिंडर पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. ती बंदी 1976 पर्यंत टिकली. ती काळ्या खेळाडूंना रोखण्यासाठी होती असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 मध्ये, टेक्सास वेस्टर्नच्या संघाने सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे उतरवून अंतिम सामन्यात केंटकीच्या सर्व गोऱ्या संघाला हरवलं होतं. कोण जिंकायला लागलं की नियम आठवतात, याचा अभ्यास आपल्याला वेगळा करावा लागत नाही. तो आपण जगतो.

आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आहे. पळवणकर बाळू. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देत होता, आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा मिळत होता. मैदानाच्या आत चालत होता, चार भिंतींच्या आत नाही. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला दिलं गेलं नाही. ते 1923 साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही भावांनी उघड भांडण केल्यावर. याच बाळूला 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं आणि बाबासाहेब जिंकले. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूचं कौतुक होतं, ही गोष्टही विसरायला नको. माणसाचा मान ठेवून त्याच्या पक्षाशी लढता येतं.

परत आपल्या पोरांकडे येऊ. रिंगखालचा तो रंगवलेला आयत किती मोठा, याचा आम्ही हिशेब केला. सुमारे 306 चौरस फूट. बीडीडीतली एक खोली 160 चौरस फुटांची. म्हणजे आमच्या दोन खोल्यांहूनही तो थोडा लहानच. त्यात दहा माणसं एकमेकांना रेटत उभी असतात. अहो, हा तर आमच्या घरचाच प्रसंग! ज्या पोराने आजी, आईबाप, काका-काकू आणि चार भावंडं एका खोलीत बघितली, स्वतःची झोपायची जागा अंधार पडायच्या आत धरली, मधल्या पॅसेजमधून बादली घेऊन कोणाला न सांडता वाट काढली, त्याला म्हणायचं तुला गर्दीत उभं राहता येणार नाही?

शिवाय आमच्याकडे कबड्डी आहे. वरळी, प्रभादेवी, लोअर परळ, लालबाग या पट्ट्यात गल्लीगल्लीत कबड्डीची मंडळं. कोपऱ्यावरचा बचावपटू काय करतो? कंबर खाली, पाय फाकलेले, डोळे चढाईवाल्याच्या पायांवर. तो आधी माणूस बघतो. बॉक्स आउट म्हणजे हेच, फक्त पाठ वळवून. आम्ही एका रविवारी पोरांना चेंडू दिलाच नाही. दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि जमिनीवर एक चप्पल ठेवली. एकाने चपलेकडे जायचं, दुसऱ्याने हात न लावता, नुसत्या पाठीने आणि कमरेने त्याला पाच सेकंद अडवायचं. कबड्डी खेळणारी दोन पोरं उंचीने सगळ्यांत कमी होती, आणि त्यांना हलवणं कोणाला जमलं नाही. महिनाभराने मैत्रीपूर्ण सामना झाला तेव्हा रिंगखालचं चित्र बदललेलं दिसलं. तोही सामना आपण हरलो, पण थोडक्यात.

मुंबईत हे आधी घडलेलं आहे. नागपाड्याच्या मस्तान तलावाच्या मैदानावर गरीब मुसलमान वस्तीतली पोरं खेळून खेळून देशाच्या संघात गेली. अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. वरळीहून नागपाडा किती लांब? बसने अर्धा-पाऊण तास. पण तिथे वस्तीत कोर्ट होतं, रोज संध्याकाळी थोरले धाकट्यांना शिकवत होते. आपल्याकडे चाळीत जयंतीची कमिटी आहे, दहीहंडीचं पथक आहे, कबड्डी आहे, पण दहा फुटांवर एक रिंग नाही.

इथे चळवळीतल्या मित्रांशी थोडं भांडायचं आहे. आपल्यालाही बाहेरून शूट करायची सवय लागली आहे. फेसबुकवर पोस्ट, निवेदनाचा फोटो, निषेधाचा व्हिडिओ. हे हवंच. 1974 च्या जानेवारीत याच बीडीडीत पँथरच्या सभेवर दगड आले, दंगल पेटली, आणि 10 जानेवारीच्या मोर्चात परळला भागवत जाधव शहीद झाले. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांमुळेच आज आपली पोरं मान वर करून कॉलेजात जातात. पण कॉलेजच्या आत गेल्यावर पुढे काय? जिमखाना कमिटीत आपलं कोण आहे? खेळाच्या निधीचा हिशेब कोणी मागितला? संघाला खुराकाचा भत्ता किती ठरलेला आहे आणि प्रत्यक्षात किती मिळतो? स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटीवर अडकला म्हणून ज्या पोराने फी भरायला रात्रपाळी धरली, तो सकाळी सहाला सरावाला कसा येणार? हे प्रश्न रिंगखालचे आहेत. इथे धक्के बसतात, टाळ्या मिळत नाहीत, म्हणून इथे उभं राहायला कोणी तयार नसतं.

आमच्या चौघांपैकी एकाने यंदा मध्येच खेळणं सोडलं. बुटाचा तळ फाटला होता आणि नवीन जोडीचे पैसे म्हणजे घरचं पंधरा दिवसांचं राशन. त्याने कोणाला सांगितलं नाही. "अभ्यास आहे, दादा" एवढंच म्हणाला. संघातला रिबाउंडला सर्वांत चांगला पोरगा तोच. जिमखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा आहे. बूट आम्ही वर्गणी काढून घेतले, ते काही मोठं काम नव्हे. पण दर पोरामागे वर्गणी काढणं हा उपाय होऊ शकत नाही. म्हणून आम्ही पोरांकडून लेखी अर्ज करवला. त्यात तीन मागण्या आहेत: खेळाडूंना बूट संघाच्या निधीतून मिळावेत, सरावाच्या दिवशी अंडी-केळी-दूध मिळावं, आणि जिमखाना कमिटीत खेळाडूंचा एक प्रतिनिधी असावा. अर्जाची पोच घेतली आहे. पोरं म्हणाली, "दादा, पोच कशाला, सर ओळखतात आम्हाला." आम्ही म्हटलं, पोच आधी.

दुसरी लढाई चाळीची आहे. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या वरळीच्या 121 चाळी आता एकेक करून पडत आहेत. पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. 500 चौरस फुटांचं घर, चाळीस मजली इमारत. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरंच होतं. पण चाळीच्या पायरीवर बसून पोरांवर लक्ष ठेवणारी आजी आता तिसाव्या मजल्यावर आहे. पोरं खेळणार कुठे, खेळाच्या जागेला कुलूप कोणाचं, वेळ कोण ठरवणार, हे नव्या सोसायट्यांच्या बैठकांत ठरणार आहे. त्या बैठकांना आपली तरुण मंडळी जात नाहीत. जातात ती निवृत्त माणसं, आणि विषय असतो पार्किंगचा.

पुढच्या बैठकीसाठी आम्ही एका पानाचा ठराव लिहून ठेवला आहे: खेळाच्या जागेत नियमाप्रमाणे 3.05 मीटरवर एक रिंग, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ सर्वांना खुली, संध्याकाळचा एक तास फक्त मुलींसाठी. तो मुलींचा तास आमच्या बहिणींनी घालायला लावला, आणि अनुमोदक म्हणून सही करायलाही त्याच तयार आहेत. नव्या इमारतीत राहायला गेलेल्या मित्रांनी आपापल्या घरातल्या सभासदाला बैठकीला यायला सांगावं. हात वर करायला माणसं लागतील.

जय भीम.