चिंचेने घासलेले पैसे

‘मध्यवर्ती संग्रहालय’ म्हटले तर आम्हां नागपूरकरांना क्षणभर विचार करावा लागतो. पण ‘अजब बंगला’ म्हटले की रिक्षावाला सरळ फाटकाशी नेऊन सोडतो. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात मी लहानपणी जात असे ते पेंढा भरलेले प्राणी पाहायला. गेल्या उन्हाळ्यात मात्र मी तेथे गेलो तो खिशात सात जुने तांब्याचे पैसे घेऊन.

त्याचे असे झाले. महालातले आमचे जुने घर पाडायचे ठरले. आवराआवरीत आजीची लाकडी पेटी निघाली. तीत फडक्यात बांधलेले हे पैसे आणि त्यांच्यासोबत मोडीत लिहिलेली एक चिठ्ठी होती. आजी जाऊन तीन वर्षे झालेली. मोडी आम्हांला कोणालाच वाचता येत नव्हती. चिठ्ठी मी बाकीच्या कागदांबरोबर रद्दीत टाकली आणि काळे-हिरवे पडलेले पैसे देवाची भांडी घासतात तसे चिंच-मिठाने लख्ख घासले. मोठेच काम केल्याचा आनंद झाला होता मला!

संग्रहालयातल्या वयस्क गृहस्थांनी भिंग लावून पैसे पाहिले. किंमत सांगतील म्हणून मी कान टवकारले. त्यांनी विचारले एवढेच, “कुठे मिळाले? सोबत काही कागद वगैरे होता का रे?”

मी खाली मान घातली.

ते रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले, की तांब्यावर चढणारा तो पक्का थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूचे रक्षण करतो. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते, घासताना झिजलेली अक्षरे आणखी झिजतात, आणि मीठ तर धातूचा वैरीच. मिठातले क्लोराइड आत राहिले आणि पावसाळ्याची दमट हवा लागली, की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते व नाणे आतून पोखरले जाते. मे महिन्यात लाकूड तडकवणारे ऊन आणि जुलैत भिंतींना ओल, अशा आपल्या नागपुरात तर जुनी वस्तू जपणे म्हणजे रोजचा पहारा.

“पण नाण्याचं एवढं नाही,” ते म्हणाले, “चिठ्ठी गेली ते वाईट झालं.”

मग त्यांनी गुंगेरियाची गोष्ट सांगितली. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याच्या वस्तूंचा साठा सापडला. तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे! त्यांतल्या काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात आल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. साता समुद्रांची ताटातूट झाली, तरी त्या एका घरच्या आहेत हे आज सांगता येते. कारण कोठे, केव्हा, काय मिळाले याची तेव्हाच नोंद झाली. नोंद नसती तर लंडनची कुऱ्हाड आणि नागपूरची कुऱ्हाड एकमेकींना ओळखत्या ना!

घरी परतताना मन खिन्न होते. आजवर मला वाटे, संग्रहालय म्हणजे काचेची कपाटे. त्या दिवशी कळले, की खरे संग्रहालय नोंदवहीत असते. वस्तूला क्रमांक द्यायचा, ती कोठून आली, कोणी दिली, कशी आहे, हे लिहायचे. मगच तिला कपाटात जागा. गाव-नाव हरवलेली वस्तू कितीही देखणी असो, ती पोरकीच.

रद्दीवाल्याकडे धावलो, पण कागद केव्हाच पुढे गेले होते.

मग मी दोनशे पानी वही आणली. आमची थोरली आत्या ऐंशीच्या घरात आहे. रोज संध्याकाळी तिच्यापुढे एकेक वस्तू ठेवतो. अडकित्ता, गंजिफांचा डबा, पितळी समई. ती सांगते, मी लिहितो. कधी एका अडकित्त्यात दोन तास जातात आणि आजोबांचे सारे तारुण्य बाहेर येते. सात पैशांबद्दल मात्र तिलाही काही ठाऊक नाही. “ते वैनीलाच माहीत होतं रे,” एवढेच ती म्हणते.

वहीतली पहिली नोंद त्यांचीच आहे. क्रमांक १. तांब्याचे पैसे, नग सात. कोठून आले : माहीत नाही. सोबतचा कागद : होता, टाकून दिला. स्थिती : चिंच-मिठाने घासलेले. घासणाऱ्याचे नाव : तेथे मी माझे नाव लिहिले आहे.