दम लागणे हे नशीब नव्हे!

आपल्या वस्त्यांमध्ये 'दम लागतो' ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की तिला कोणी आजार मानतच नाही. जिना चढताना आई थांबली तर वय झाले म्हणायचे. गरोदर सून धापा टाकू लागली तर अंगात रक्त नाही म्हणायचे. पन्नाशीचा सफाई कामगार रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागला तर त्याच्या दारूला दोष द्यायचा. गेली काही वर्षे वस्तीपातळीवर आरोग्याचे काम करताना आमचे एक मत पक्के झाले आहे. या दम लागण्यामागे एक ठराविक कारण असते, ते शोधता येते आणि पुष्कळदा टाळताही येते. ते शोधले जात नाही, कारण दम कोणाला लागतो आहे यावर बरेच काही ठरते.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण समाजशास्त्राचे. पण रुग्णांसोबत ओपीडीच्या रांगेत बसून आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजले, ते साध्या भाषेत मांडतो.

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच झडपेचे काम. विहिरीवरच्या मोटारीचा फुटवॉल ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच कळेल. झडप दोन प्रकारे बिघडते. ती नीट मिटली नाही तर रक्त मागे गळते. नीट उघडली नाही तर रक्त अडते. डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेचे तोंड निरोगी माणसात 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. ते दीडपर्यंत आले की दुखणे गंभीर समजतात. अडलेले रक्त मागे फुफ्फुसात तुंबते, तिथल्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, आडवे होताच जीव गुदमरतो, खोकला येतो, कधी थुंकीतून रक्त पडते. थुंकीत रक्त दिसले की पहिली शंका टीबीची घेतात आणि ती घ्यायलाच हवी. पण टीबी नाही असे ठरल्यावर हृदय तपासायचे मात्र राहून जाते.

इथे एक घोळ नेहमी होतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब शरीरभर रक्त नेणाऱ्या धमन्यांचा. तो सतत 140/90 किंवा त्याहून वर राहिला तर उच्च रक्तदाब. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब हा वेगळा. तो मुळातच फार कमी असतो आणि त्या पट्ट्याने कळत नाही. त्याचा अंदाज टू-डी इको तपासणीत येतो. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे, घरी जा' हे उत्तर दम लागणाऱ्या बाईसाठी पुरेसे नाही.

उलट, खरोखरच बीपी वाढलेले असेल आणि गोळी कधी घेतली, कधी सोडली, असे वर्षानुवर्षे चालले तर हृदयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो आणि शेवटी फुफ्फुसात पाणी साचते. तिसरी वाट फुफ्फुसापासूनच सुरू होते. चुलीचा धूर, विडी, दगडखाणीतली धूळ यांनी फुफ्फुस निकामी होत गेले की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि पाय सुजतात. वाटा तीन, तक्रार एक, उपचार मात्र वेगवेगळे. तिघांच्याही हातात दम्याचा पंप देऊन भागत नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी. आईवडील दोघेही सफाई कामगार. बारा-तेरा वर्षांची असताना तिला ताप आला, एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा सुजला. वाढीचे दुखणे म्हणून बाम चोळला गेला. एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी दिवस गेले. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळपास निम्म्याने वाढते. अरुंद झालेल्या झडपेला हा भार झेपत नाही. सहाव्या महिन्यात तिला चार पावले चालवेना. आधी लोहाच्या गोळ्या मिळाल्या, मग पंप मिळाला. आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा इको झाला आणि मायट्रल झडप आखडल्याचे कळले. फुग्याने झडप उघडण्याची प्रक्रिया झाली, आई आणि बाळ दोघेही वाचले. पण तपासताना एका डॉक्टरने पत्ता वाचून ऐकवलेच, 'तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही, म्हणून हे होते.'

या वाक्याला उत्तर दिलेच पाहिजे.

तिचा आजार घशातून आला होता. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने मुलांचा घसा येतो. त्यावर नीट उपचार झाले नाहीत तर काहींना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे सुजतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडपांवरचे व्रण राहतात. हा जंतू खोकल्या-शिंकण्यातून, जवळजवळ झोपण्यातून पसरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात ती अस्वच्छतेच्या हौसेने झोपत नाहीत. गावाच्या बाहेर आणि शहराच्या नाल्याकाठी कोणाची घरे आहेत, ती तिथेच का आहेत, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. डेन्मार्कमध्ये ऱ्हुमॅटिक ताप पेनिसिलिन वापरात येण्याच्या आधीच कमी होऊ लागला होता. घरे सुधारली, दाटी कमी झाली, राहणीमान उंचावले, तसा आजार ओसरत गेला. म्हणजे या दुखण्यावरचे पहिले औषध मोकळे घर हेच आहे.

आणि दुसरे औषध स्वस्त आहे. एकदा ऱ्हुमॅटिक ताप आला की बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी अनेक वर्षे घ्यावे लागते. झडप बिघडली असेल तर बहुधा वयाच्या चाळिशीपर्यंत. त्याने तो ताप पुन्हा येणे टळते. पण रिअॅक्शनच्या भीतीने अनेक दवाखाने ते टोचतच नाहीत. आमच्या त्या मुलीला इंजेक्शनसाठी आम्ही तीन दवाखाने फिरवले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया होते. ही योजना गरिबांचा आधार आहे, ती टिकलीच पाहिजे. पण काही रुपयांचे इंजेक्शन वेळेवर न देता पुढे काही लाखांची शस्त्रक्रिया करायची, हा कुठला हिशेब? शिवाय धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी वारंवार करावी लागते. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याला हे किती दिवस जमेल?

संविधानाचे कलम 47 पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. म्हणून आमच्या मागण्या दानधर्माच्या नाहीत. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा हृदयरोग आहे. मग वस्तीतल्या शाळांत मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप खरोखर लागतो का, याचा जाब विचारू या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पेनिसिलिन आणि रिअॅक्शन आली तर लागणारे अॅड्रेनॅलिन, दोन्ही असलेच पाहिजेत. दम लागणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा इको झाला पाहिजे. बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरतील अशा मिळाल्या पाहिजेत.

आपल्या हातातलेही काही आहे. आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आता बीपी मोजले जाते आणि वहीत लिहिले जाते. मुलाचा घसा तापासह दुखला तर त्याला डॉक्टरकडे न्या, दिलेले औषध पूर्ण दिवस घ्या. सांधे आळीपाळीने सुजले तर बाम चोळत बसू नका. बीपीची गोळी बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करू नका. आणि घरातल्या बाईला दम लागत असेल तर डॉक्टरांना एवढे नक्की विचारा, 'साहेब, झडप तपासली का?' हा प्रश्न विचारायला कुठलीही पदवी लागत नाही.

जय भीम!