पंचाहत्तर वॉटची गोष्ट

आमच्या घरात संगणक आला तो २०२३ च्या जून महिन्यात. नवा नव्हे. कुठल्याशा ऑफिसने चार-पाच वर्षे वापरून विकून टाकलेला आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणलेला. धाकट्या मुलीने बारावीनंतर अॅनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. माझे मिस्टर बेस्टमधून निवृत्त झालेले, मी घरी ब्लाऊज आणि फॉल-पिकोची कामे करते, थोरला एका कुरिअर कंपनीत. नवा कोरा संगणक घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि ते तिलाही ठाऊक होते. कंपनीनेच सगळे जोडून दिलेला, चपटा, काळा, लग्नातल्या मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा तो डबा तिने इतक्या आनंदाने पुसला, की मला बोलायला जागाच राहिली नाही.

वर्षभर त्या डब्याने चांगली साथ दिली. मग दुसऱ्या वर्षाचे काम आले. ब्लेंडर नावाचा एक प्रोग्राम आहे, तो फुकट मिळतो, त्यात हलती चित्रे तयार करता येतात. मुलीने दहा सेकंदांचा सिनेमा करायला घेतला होता. पावसात छत्री धरून चाललेली एक आजी. ऐकायला केवढेसे! पण एका सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे दहा सेकंदांना दोनशे चाळीस. रस्त्यावरच्या पाण्यात दिव्याचा उजेड कसा पडेल, छत्रीवरून थेंब कसा ओघळेल, याचा हिशेब संगणक प्रत्येक चित्रासाठी नव्याने करतो. आमच्या डब्याला एका चित्राला नऊ मिनिटे लागत. दोनशे चाळीस गुणिले नऊ करून पाहा. छत्तीस तास!

जोगेश्वरीतली आमची खोली एकच. तो डबा रात्रभर पंख्याचा घरघराट करी आणि आम्ही पाच माणसे त्याच आवाजात झोपत असू. एकदा अठ्ठावीस तास झाले असताना सासूबाईंनी मिक्सर लावायला नेमकी तीच पिन काढली. पोरीने प्रत्येक चित्र वेगळे साठवण्याऐवजी सगळ्याची एकच फिल्म बनवायला सांगितले होते, त्यामुळे सारेच गेले. ती रडली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. जानेवारी २०२५ मध्ये काम सादर करायचे होते. ते पाहायला स्टुडिओतली माणसे येणार होती आणि त्यातूनच पुढे कामे मिळतात, असे ती म्हणे.

थोरला म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड टाकूया. सगळे तेच करतात."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मी त्याला विचारले. त्याने मोबाईलवर दाखवले, पण मला ते माझ्या परीने समजले. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे सहा हुशार सुपरवायझर. कुठलेही अवघड काम सांगा, करतील, पण एका वेळी सहाच. कार्डावर मात्र दोन-अडीच हजार बारीक मोजणीदार असतात. एकेकाला फार अक्कल नाही, पण सगळे एकदम हात चालवतात. चित्राचे काम नेमके तसलेच. लाखो ठिपके, प्रत्येक ठिपक्याचा छोटा हिशेब. मला माझी लाईन आठवली.

त्या लाईनबद्दल थोडे सांगायला हवे. मी १९९१ ते २००४ सीप्झमध्ये कामाला होते. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. १९७३ साली सुरू झालेला तो भाग आमच्या बाजूच्या बायकांना चांगला माहीत आहे. आमच्या कंपनीत हिरव्या पाट्यांवर, म्हणजे सर्किट बोर्डांवर, भाग बसवायचे आणि डाग द्यायचे काम होते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, समोर भिंग, दिवसभर मान खाली. त्या पाट्या कुठल्या देशात जातात, कशात बसतात, हे आम्हाला कधी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हा काम सुटले. मुलांनी आईला पाहिले आहे ते शिलाई मशीनवरच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विहाराच्या महिला मंडळाची भिशी माझ्या नावावर लागली. ते पैसे मी छपराच्या पत्र्यांसाठी धरून ठेवले होते. पत्रे दोन ठिकाणी गळत होते. पण पोरीच्या तोंडाकडे पाहिले आणि थोरल्याच्या हातात साडेबारा हजार रुपये ठेवले.

तो ओळखीतल्या कोणाकडून वापरलेले कार्ड घेऊन आला. नाव आरटीएक्स ३०५०. "सहा जीबीचं पण येतं, मी आठचं आणलं," तो अभिमानाने म्हणाला. सहापेक्षा आठ जास्त, हा हिशेब आम्हा सगळ्यांनाच पटला.

रात्री जेवणे उरकल्यावर डबा उघडला. मी शिवण बाजूला ठेवून कडेला बसले. झाकण निघाले आणि आत हिरवी पाटी दिसली तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला भरून आले. वीस वर्षांनी पाहत होते. भाग कितीतरी लहान झालेले, पण पाटी तीच.

थोरल्याने कार्ड खाचेवर धरले. खाच जुळत होती. मात्र कार्डाच्या मागची पत्र्याची पट्टी डब्याच्या वर तीन बोटे राहत होती. हा डबा बुटका, अर्ध्या उंचीचा, आणि कार्ड पूर्ण उंचीचे. शिवाय कार्डाच्या अंगावर आठ भोकांचे एक वेगळे सॉकेट होते. त्यात घालायची तार आमच्या डब्यात कुठेच नव्हती.

थोरला हार मानणारा नाही. म्हणाला, "पट्टी काढून टाकू, झाकण उघडंच ठेवू. आणि दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर मिळतो. हार्ड डिस्कच्या तारेतून आठ पिनांचं सॉकेट करून देतो. उद्या आणतो."

मी म्हणाले, "ती तार एवढी बारीक आहे, ती तापेल."

"आई, तुला यातलं काय कळतं?"

तो वाईट मुलगा नाही. दिवसभर पाठीवर ओझे घेऊन फिरून आलेला, माझेच पैसे वाया जातील या भीतीने चिडलेला. पण ते वाक्य लागले. तेरा वर्षे मी काय करत होते, हे या घरात कोणालाच ठाऊक नाही, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळले. आणि सांगितले कधी होते मी तरी?

मी काही बोलले नाही. चष्मा आणला, टॉर्च घेतला आणि आतल्या एसएमपीएसवरचे लेबल वाचले. सगळ्यात खाली लिहिले होते: एकूण २०० वॉट. मग थोरल्याला म्हटले, "तुझ्या मोबाईलवर बघ, हा प्रोसेसर किती वॉट खातो, आणि हे कार्ड किती."

प्रोसेसर ६५. कार्ड १३०.

"बेरीज कर."

एकशे पंचाण्णव. पाटी, मेमरी, डिस्क, पंखे, या सगळ्यांसाठी उरले पाच वॉट. धाकटी हळूच म्हणाली, "म्हणजे रेंडर लावला की बंदच पडणार."

बंद पडले तर नशीब, हे मी तिला सांगितले. ज्या खाचेत कार्ड बसते ती खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला वेगळी तार लागते, म्हणून ते आठ भोकांचे सॉकेट. ते दीडशे वॉटपर्यंत वाहण्यासाठी केलेले असते. हार्ड डिस्कच्या त्या चपट्या जोडणीची ताकद बारा व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे चोपन्न वॉट. चोपन्नच्या तोंडात दीडशेची मागणी कोंबली की आधी प्लास्टिक मऊ होते, मग वास येतो, मग काळे पडते. यातले वॉटचे आकडे आम्ही त्या रात्री मोबाईलवर शोधून काढले, पण प्लास्टिक मऊ झाल्याचा वास मला शोधावा लागला नाही. आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर एकदा अशीच बारीक तार कोणीतरी जोडली होती. लाकडी आणि पत्र्याच्या खोलीत, झाकण उघडे टाकून, माणसे झोपलेली असताना छत्तीस तास असली तार चालवायची? मी साफ नाही म्हणाले.

मोठा एसएमपीएस आणून बसवता येईल का, तेही पाहिले. बाजारातल्या साध्या एसएमपीएसला चोवीस पिनांचा जोड असतो. आमच्या डब्यातला जोड वेगळाच, त्या कंपनीचा स्वतःचा. आणि बाजारातला डबा आत मावणारही नव्हता. कंपनीने जोडून दिलेल्या संगणकात ही अडचण पुष्कळदा येते. ऑफिसच्या कामापुरते मोजून-मापून बनवलेले असते सगळे. त्यात कंपनीची चूक म्हणता येत नाही, पण असे मशीन घेताना दुकानदारही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

रात्री एक वाजता धाकटीलाच उत्तर सापडले. ३०५० नावाची कार्डे एकसारखी नाहीत. आठ जीबीचे जानेवारी २०२२ मध्ये आले, ते १३० वॉटचे. सहा जीबीचे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, ते फक्त ७० वॉटचे. त्यातल्या काही कंपन्यांच्या कार्डांना वेगळी तार लागतच नाही. आणि त्यात पुन्हा बुटक्या डब्यासाठी बुटके कार्डही मिळते, त्याला लो-प्रोफाइल म्हणतात. ज्याला थोरल्याने कमी म्हणून सोडले होते, तेच आम्हाला हवे होते. सत्तर आणि पासष्ट एकशे पस्तीस, बाकीचे तीसेक धरले तरी दोनशेच्या आत.

थोरला भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोप लागलेली नव्हती.

पहिले कार्ड त्याच्या मित्राच्या मित्राने, ज्याचे कॅबिनेट मोठे होते, दहा हजारांना घेतले. अडीच हजार बुडाले. नवे बुटके कार्ड जवळजवळ अठरा हजारांचे. वरचे आठ हजार कसे उभे केले, ते दिवाळीच्या ब्लाऊजांना आणि माझ्या पाठीला माहीत. मिस्टरांनी न बोलता दोन हजार आणून मशीनवर ठेवले. कुठून आणले, ते मी अजून विचारलेले नाही.

यावेळी मात्र पैसे देण्याआधी मी माप घेतले. कार्डाची लांबी, उंची, जाडी कंपनीच्या पत्रकावर मिलिमीटरमध्ये दिलेली असते. त्या मापाचा पुठ्ठा कापला, जाडीसाठी तीन थर चिकटवले आणि डब्यात बसवून पाहिला. आधी कागदावर बेतायचे, मग कापडाला कात्री लावायची, ही माझी रोजचीच सवय. पुठ्ठा बसला म्हणून बरे. कार्ड दोन खाचांइतके जाड असते आणि काही डब्यांत शेजारीच एसएमपीएस असल्याने तेवढी जागाच नसते. आमच्याकडे शेजारची खाच रिकामी होती.

कार्ड आले तेव्हा थोरल्याने स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तूच बसव."

मी पिन काढायला लावली, संगणकाचे बटण एकदा दाबून धरले, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. पट्टा नव्हता, म्हणून आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगातली वीज आपल्याला जाणवत नाही, पण भागाला जाणवते. कार्ड कडेने धरायचे, सोनेरी दातांना बोट लावायचे नाही. लांब पट्टी काढून खोक्यातली आखूड पट्टी लावली, खाचेत दाबले, टक् असा आवाज आला. स्क्रू आवळला.

सुरू केले तर पडदा काळा! सगळ्यांचे चेहरे उतरले. दहा मिनिटांनी धाकटीच्या लक्षात आले, की पडद्याची तार अजून जुन्याच सॉकेटमध्ये आहे. आता ती नव्या कार्डात लावायला हवी. पण आमचा पडदा जुना, त्याची निळी व्हीजीए पिन, आणि कार्डावर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. त्या रात्री तसेच झोपलो. दुसऱ्या दिवशी थोरल्याने कन्व्हर्टर आणला. यावेळी खरोखरच कन्व्हर्टरचे काम होते.

कार्डाचा ड्रायव्हर भरला, ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडले. हे निवडावे लागते, नाहीतर कार्ड नुसते बसून राहते आणि जुनाच प्रोसेसर राबतो. पहिले चित्र सुरू झाले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. एक मिनिट आणि थोडी सेकंदे. धाकटीने पुन्हा लावून पाहिले. तेवढेच. सासूबाईंनी विचारले, "झालं? एवढंच?"

दोनशे चाळीस चित्रे संध्याकाळी लावली, रात्री साडेअकराच्या आत झाली. यावेळी प्रत्येक चित्र वेगळे साठवले होते, आणि त्या पिनेवर सासूबाईंनीच कुणाकडून तरी लाल अक्षरात 'हात लावू नये' असे लिहून घेतले होते.

जानेवारीत काम सादर झाले. एका स्टुडिओने तिला सुट्टीत तीन महिन्यांसाठी बोलावले, पगार थोडा पण मिळाला. पत्रे मात्र राहिले ते राहिलेच. २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही छपरावर निळी ताडपत्री टाकली आणि संगणकाचे टेबल गळत्या कोपऱ्यातून उचलून माझ्या मशीनशेजारी आणले. त्यामुळे आता त्याचा पंखा माझ्या कानाशी चालतो. दोन महिन्यांनी एकदा डबा उघडून रंगाच्या मऊ ब्रशने धूळ काढते. शिवणाचा कापूस त्यात फार जातो.