आजीची पावती कोणती?

आपल्यापैकी अनेकांच्या घरांत दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एकच विषय असतो : नातवंडांचे प्रवेश. ‘नीट’च्या निकालाचा आकडा घरात शिरला की त्या घराची झोप कशी उडते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पनवेलच्या आमच्या घरात तो आकडा १३ जून २०२३ रोजी आला. ७२० पैकी २९८. मी ३४ वर्षे शाळेत गणित शिकवले. आकड्यांचे भय मला कधी वाटले नव्हते. या आकड्याचे मात्र वाटले, आणि त्या भयापोटी माझ्या हातून जे घडता घडता राहिले, ते आपल्याला सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दोष माझाही होता. नात आठ वर्षांची असल्यापासून मी तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत असे. वडाळे तलावाकाठी सकाळी भेटणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनाही ते नाव पाठ झाले होते. कौतुकाने ठेवलेल्या नावाचे ओझे कधी होते, ते ठेवणाऱ्याला कळत नाही. निकालाच्या दिवशी ती माझ्या खुर्चीजवळ आली आणि एवढेच म्हणाली, “आजोबा, माफ करा.”

काय बोलावे ते मला सुचेना. मी पायांत चपला सरकवल्या आणि तलावाला दोन फेऱ्या मारून आलो. परतलो तेव्हा माझी पत्नी नातीचा हात आपल्या थरथरत्या हातांत धरून बसली होती. तिला पार्किन्सनचा आजार जडून तेव्हा सहा वर्षे झाली होती. शब्द जुळवायलाही वेळ लागे. तिने नातीला विचारले होते, “सकाळपासून काही खाल्लंस का गं?” घरातल्या सर्वांत आजारी माणसाने त्या दिवशी घर सांभाळले होते.

त्या रात्रीपासून नातीची झोप गेली. मध्यरात्री गॅलरीत तिची सावली दिसे. मैत्रिणींचे फोन ती घेईना, जेवणाच्या ताटावरून अर्धवट उठे. सूनबाई रोज रात्री तिच्याजवळ झोपू लागली, आणि एका संध्याकाळी आम्ही सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवला. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. नातीने आधी नकार दिला, मग दार लोटून घेऊन अर्धा तास बोलली. आपल्या घरातले मूल असे मिटून गेले, तर ‘होईल आपोआप ठीक’ म्हणून थांबू नका. तापाला जशी वाट पाहत नाही, तशीच याचीही पाहू नये.

आता माझी चूक सांगतो. स्थानकाजवळच्या एका कार्यालयात परदेशातील वैद्यकीय प्रवेश ‘करून देणारे’ एक गृहस्थ बसत. मुलाला न सांगता मी एकटाच तिथे गेलो. गृहस्थ आर्जवी होते. “मुलगी पात्र आहे ना? मग झालंच समजा, काका,” असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे चाळीस लाखांच्या घरातला हिशेब मांडला. घरी येऊन मी कपाटातल्या मुदत ठेवींच्या पावत्या बाहेर काढल्या. निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे, गावाकडच्या जमिनीच्या हिश्श्याचे पैसे, असे सारे मोडले तर निम्मी रक्कम उभी राहत होती. उरलेल्या निम्मीसाठी मुलाने घर तारण ठेवून कर्ज काढावे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते.

पावत्या टेबलावर पसरलेल्या असतानाच नात खोलीत आली. तिने त्या एकेक करून पाहिल्या आणि विचारले, “आजोबा, यातली आजीची पावती कोणती?”

मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आजीची अशी वेगळी पावती नव्हतीच. त्या सगळ्याच तिच्या होत्या. तिच्या गोळ्या, दिवसा मदतीला येणाऱ्या बाई, उद्या पडून हाड मोडले तर रुग्णालयाचा खर्च, हे सारे त्या कागदांवरच उभे होते.

त्या रात्री मी पुन्हा गणिताचा शिक्षक झालो. मुलाला जवळ बसवून जे आधी करायला हवे होते ते केले. त्या वर्षी परीक्षेला २० लाखांहून अधिक मुले बसली होती, सुमारे साडेअकरा लाख पात्र ठरली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण दहा-अकरा पात्र मुलांमागे एक जागा. पात्र ठरणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी. रांग पुढे सरकेलच याची हमी नव्हे. २९८ गुण मिळवणारी मुलगी ‘ढ’ नव्हती, रांगेत मागे होती. हे मला जूनमध्ये कळले असते, तर तलावाच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

परदेशाचाही हिशेब पाहिला. २०२१ च्या नियमांनुसार तिकडचे शिक्षण किमान ५४ महिन्यांचे हवे, त्यानंतर तिथेच १२ महिन्यांची आंतरवासिता, मग भारतात परतून ३०० पैकी १५० गुणांची परीक्षा आणि पुन्हा इथली आंतरवासिता. सगळे सुरळीत झाले तरी सहा-सात वर्षे. मी तेव्हा ७४ वर्षांचा होतो. गृहस्थांच्या कागदावर शुल्क होते, वसतिगृह होते, विमानभाडे होते. ती परीक्षा मात्र कुठेच नव्हती. आपल्याकडच्या खासगी महाविद्यालयांतील संस्थात्मक कोट्याच्या जागाही राज्याच्या सीईटी कक्षाच्या गुणवत्ता यादीतूनच भरतात, त्यांचे शुल्क अनेक पट असते आणि पावतीशिवाय देणगी मागणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘आमची ओळख आहे’ असे सांगणारा मनुष्य दारी आला, तर त्याला चहा द्या. आगाऊ रक्कम देऊ नका.

नात लहान असताना मी तिला आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगत असे. आपल्याच जिल्ह्यातल्या अलिबागेत त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, हे सांगताना मला अभिमान वाटे. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी अमेरिकेतून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपली तयारी प्रवेशाच्या अटींना पुरी पडत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते आणि आपला निर्धार लक्षात घ्यावा अशी विनंती केली होती. महाविद्यालयाने त्यांना घेतले. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मी गोष्ट इथे थांबवत असे. पुढची नातीने स्वतः वाचली होती : प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. एकही दवाखाना चालवायला त्यांना मिळाला नाही. त्यांच्या जिद्दीपुढे मी आजही नतमस्तक आहे. पण जिद्दीची गोष्ट मुलांना सांगताना शरीराने मोजलेली किंमत गाळू नये, हे मला उशिरा उमगले. आजची गुणवत्ता यादी कुणाचे पत्र वाचत नाही. ते वाचण्याचे काम आता घरच्यांनीच करायचे आहे.

आणि ते पत्र आमच्या घरात कधीपासून उघडेच पडले होते. त्या पावसाळ्यात माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखी थबके. पुढे ओढले तर तोल जाई. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी जमिनीवर पाऊलभर अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या. आपसूक चालण्याची मेंदूतली यंत्रणा या आजारात अडखळते, पण डोळ्यांपुढे रेषा आली की रुग्ण जाणीवपूर्वक पाऊल उचलून ती ओलांडू शकतो. नातीने दुपारभर बसून आजीचे पाऊल मोजले आणि पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. संध्याकाळी तिची आजी त्या पट्ट्यांवरून, कुणाचा हात न धरता, देवघरापर्यंत चालत गेली. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची, कारण प्रथिनयुक्त जेवणाबरोबर तिचा गुण मंदावतो, हे डॉक्टरांनी सांगितलेले वेळापत्रकही तिनेच फ्रिजवर लावले होते. मी वर्षानुवर्षे तिला डॉक्टरीणबाई म्हणत होतो आणि ती काय करते आहे, हे पाहिलेच नव्हते.

नातीने त्या बाईंना विचारले, “तुम्ही हे कुठे शिकलात?” महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. अभ्यासक्रम तेव्हा साडेचार वर्षांचा होता, त्यातले शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे. तिला प्रवेश मिळाला आणि त्यासाठी एकही पावती मोडावी लागली नाही.

सारे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी ‘एमबीबीएस नाही मिळालं का?’ असे कुणी विचारले की तिचा चेहरा उतरे. अजूनही क्वचित उतरतो. माझ्या एका मित्राच्या नातवाने पुन्हा वर्षभर अभ्यास केला आणि त्याला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. या परीक्षेला आता कमाल वयाची अट नाही, तेव्हा तोही मार्ग खुला आहे. मात्र तो मुलाने निवडावा, आजोबांनी नव्हे. आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी या वाटाही आहेत. कोणती धरावी हे आपल्या नातवंडाचा कल आणि घरची ऐपत पाहून ठरेल.

आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांना माझी दोनच विनवण्या आहेत. निकालाच्या दिवशी घराबाहेर पडू नका, मुलाजवळ बसा; बोलायला सुचले नाही तर जेवलास का, जेवलीस का, एवढे विचारा. आणि आपल्या औषधपाण्यासाठी राखलेली पुंजी नातवंडांच्या जागेसाठी मोडण्याआधी ती कुणाची आहे, हे स्वतःला विचारा. आपण परावलंबी झालो, तर आपला भार त्याच मुलांच्या खांद्यावर पडणार आहे.

आमच्या घरातल्या पिवळ्या पट्ट्या तीनदा बदलून झाल्या. आजीचे पाऊल आता लहान झाले आहे, म्हणून गेल्या महिन्यात नातीने अंतर पुन्हा मोजले आणि पट्ट्या जवळ घेतल्या. मी पट्टी धरून बसलो होतो. “आजोबा, नीट धरा, हलवू नका,” ती म्हणाली. मी हललो नाही.