केशरी यीस्ट

बेकरीत पाव फुगवणारं आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल करणारं यीस्ट प्लेटवर वाढवलं की मळकट पांढरं दिसतं. पण त्यातलं ‘एडीई-२’ हे एकच जनुक बंद पडलं तर कॉलन्या आधी गुलाबी आणि मग विटकरी लाल होतात. ॲडेनिन तयार करणाऱ्या रासायनिक साखळीतली एक पायरी हे जनुक सांभाळतं. ती अडली की आधीच्या पायरीवरचा पदार्थ पेशीत साठत जातो, त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि लाल रंगद्रव्य पेशीतल्या रिक्तिकेत जमा होतं.

पुण्यात मी जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घेते. सुरुवात या लाल यीस्टपासूनच होते. माध्यमात ॲडेनिन भरपूर असेल तर हा वाण लाल होतच नाही, कारण बाहेरून आयतं मिळायला लागलं की यीस्ट स्वतःची साखळी मंदावतं. म्हणून ॲडेनिन मोजकंच घालायचं. ३० अंशांवर वाढलेली प्लेट पुढे फ्रिजमध्ये ठेवली की लाली आणखी चढते. या लाल गर्दीत अधूनमधून एखादी पांढरी, खुरटी कॉलनी उगवते. मुलं ती प्लेट टाकायला निघतात, ‘मॅडम, कंटॅमिनेशन आलंय’ म्हणतात. मी थांबवते. बहुतेक वेळा ते त्याच वाणाचं यीस्ट असतं, फक्त त्याच्या मायटोकॉन्ड्रियांचं श्वसन बिघडलेलं असतं, आणि श्वसनाशिवाय हे लाल रंगद्रव्य बनत नाही. पेशीच्या आत काय बिनसलं आहे ते इथे नुसत्या डोळ्यांना कळतं. मला या कामाची गोडी लागली ती यामुळेच.

असलेलं जनुक बंद करणं त्या मानाने सोपं. यीस्टकडे मुळात नसलेला रंग त्याला द्यायचा तर परकी जनुकं आणावी लागतात. गाजरातलं बीटा-कॅरोटीन बेकरीचं यीस्ट स्वतः बनवत नाही, पण त्यासाठी लागणारा कच्चा माल, फार्नेसिल पायरोफॉस्फेट, त्याच्याकडे असतो. पेशीच्या आवरणात लागणारं अर्गोस्टेरॉल ते त्यातूनच घडवतं. झँथोफायलोमायसिस डेंड्रोऱ्हस या लालसर यीस्टची तीन जनुकं आणून बसवली की त्या कच्च्या मालाचा काही भाग कॅरोटीनकडे वळतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७ साली हीच जनुकं वापरून, त्यांचा जोर वाढवत नेत, दर ग्रॅम कोरड्या यीस्टमागे ५.९ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळवलं.

जनुकं पेशीत घालण्याची रीत साधी आहे, पण हात बसावा लागतो. यीस्ट लिथियम ॲसिटेटमध्ये धुवायचं, त्यावर पीईजीचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं) घट्ट, चिकट द्रावण घालायचं. ते पिपेटने घाईत ओढलं की टिपमध्ये बुडबुडा येतो आणि माप चुकतं. मग सामन माशाचा उकळून घेतलेला डीएनए, मग आपलं प्लाझ्मिड, म्हणजे नवी जनुकं वाहून नेणारं डीएनएचं कडं, आणि नळ्या ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये. शेवटी युरॅसिल नसलेल्या प्लेटवर पसरायचं. या वाणाला युरॅसिल स्वतः बनवता येत नाही आणि ती उणीव प्लाझ्मिडवरचं जनुक भरून काढतं, म्हणून प्लाझ्मिड शिरलेल्या पेशीच तेवढ्या वाढतात.

काही दिवसांनी प्लेट उघडली की एकाच प्लेटवर फिकट पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत छटा असतात. प्लाझ्मिडच्या प्रती पेशीगणिक कमीजास्त असतात, त्याचा हा परिणाम. कॅरोटीनच्या साखळीतला मधला पदार्थ, फायटोईन, बिनरंगी असतो. त्याला पुढे ढकलणारं विकर (एन्झाइम) अपुरं पडलं की कॉलनी फिकी राहते.

क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूची पाच जनुकं घातली तर यीस्ट जांभळं होतं. त्यातली तीनच दिली तर हिरवं.

वर्गात मी सर्वांत जास्त वेळ देते तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कामाला. जॉन ड्यूबर यांच्या गटाला यीस्टमध्ये टायरोसिनपासून डोपा बनवायचं होतं, कारण मॉर्फिनच्या कुळातल्या औषधांकडे जाणारी वाट तिथून निघते. अडचण अशी की डोपा दिसत नाही. त्यांनी गुलबक्षीचं एक जनुक यीस्टमध्ये बसवलं. त्याचं विकर डोपाचं रूपांतर अशा पदार्थात करतं की त्यातून गुलबक्षीच्या फुलांत असतं तसलं पिवळं रंगद्रव्य तयार होतं. डोपा जितकं जास्त, तितकी पेशी पिवळी. डोपा बनवणारं विकर बीटच्या रोपातलं होतं, आणि त्याला एक खोड होती: ते डोपाचंही पुढे ऑक्सिडीकरण करत असे, मग जांभळी छटा यायची. जनुकात बदल करून केलेल्या असंख्य पेशींमधून जास्त पिवळ्या आणि कमी जांभळ्या निवडत गेल्यावर दोन ठिकाणी बदललेलं, कितीतरी सरस विकर हाती आलं. हे काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये क्रिस्टिना स्मोल्क यांच्या गटाने यीस्टकडून साखरेपासून मॉर्फिनच्याच कुळातलं थीबेन बनवून दाखवलं.

यीस्टच्या रंगांची चर्चा बहुधा कापडाच्या आणि खाण्याच्या रंगांपाशी थांबते. ते उपयोग खरेच आहेत, पण माझ्या मते रंगाची मोठी कामगिरी ही निवडीची आहे. हजारो कॉलन्यांचं एकेक करून रासायनिक विश्लेषण करणं कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेला परवडणारं नाही. रंगावरून मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा काडीने नेमकी कॉलनी उचलते.

पुढच्या तुकडीला गुलबक्षीचं जनुक द्यायचा विचार आहे. जैवसुरक्षा समितीकडे द्यायचा अर्ज लिहून तयार आहे.