दिसायला सेम टू सेम!

लोअर परळला प्रेझेंटेशन होतं. जमलं तर तीन महिन्यांचं भाडं सुटणार. मीटिंग रूममधल्या मॉनिटरची टाइप-सी केबल लॅपटॉपला जोडली. चार्जिंग झक्कास सुरू, समोर मात्र 'नो सिग्नल'! रीस्टार्ट केलं, बाप्पाला साकडंही घातलं. शेवटी तिथला आयटीवाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या पोर्टमधून व्हिडिओ जातच नाही."

म्हणजे? टाइप-सी हा निव्वळ आकार, 2014 साली ठरलेला. चित्र जायला आत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो, तो प्रत्येक पोर्टला नसतोच. (विकणाऱ्याने हे सांगितलं असतं तर!)

मग काय, माझ्या तेरा इंची स्क्रीनभोवती पाच डोकी. सर्वांत सीनिअर बाई खुर्ची ओढून चक्क शेजारी येऊन बसल्या, प्रत्येक फोटोवर थांबून प्रश्न विचारत राहिल्या.

अजून फोन आलेला नाही.